उशीत वाजतं

आमच्या सासूबाईंना टीव्हीवरची मालिका नीट ऐकू येत नाही. आवाज इतका मोठा ठेवावा लागतो की शेजारच्या बिऱ्हाडाला संवाद पाठ होतात. त्याच सासूबाई दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "रात्री काय कुटत होतीस गं? उशीत वाजत होतं."

मी हसले. नवा कीबोर्ड घेतलाय, त्याचा आवाज आहे, होईल सवय, असं काहीतरी सांगून विषय संपवला. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी हे वाक्य निदान वीस वेळा म्हटलं. त्या चार महिन्यांत मी साडेनऊ हजार रुपये घालवले, धडधाकट कीबोर्ड आजारी पाडला, एका संस्थेच्या पत्रकाचं वाटोळं केलं आणि शेवटी सासूबाईंना नको ते बोलले. खरं तर उत्तर त्यांनी पहिल्याच सकाळी देऊन ठेवलं होतं. मी अनुवादाची कामं करते. विभक्तीच्या एका प्रत्ययाने वाक्य कसं फिरतं यावर माझं पोट चालतं. आणि 'उशीत'मधला 'त' मला ऐकू आला नाही.

हा कीबोर्ड घेतला का, तिथपासूनच चूक सांगायला हवी.

मी टायपिंग शिकले ते १९९१ मध्ये, साताऱ्याला, क्लासमध्ये. पत्र्याच्या छपराखाली बारा मशिनं. मराठी तीसची परीक्षा, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. बारा जणी एकदम सुटल्या की बाहेर पाऊस पडतोय की नाही ते कळत नसे. ओळ संपत आली की घंटी वाजायची, कॅरेज ढकलायचं, पुन्हा सुरू. त्या आवाजात एक रुबाब होता. वडील न्यायला आले की दारातच थांबायचे. आत 'काम' चाललंय असं त्यांना वाटायचं.

आता मी डोंबिवलीत, घरातल्या घरात, लॅपटॉपवर काम करते. विम्याचे फॉर्म, औषधांच्या चिठ्ठ्या, मिक्सरची माहितीपुस्तकं, आरोग्याची पत्रकं इंग्रजीतून मराठीत आणायची. लॅपटॉपच्या चपट्या कळांना आवाजच नाही. परिणाम असा की मी काम करतेय हे घरात कुणाला कळत नाही. "बसलीच आहेस तर जरा कुकर बघ," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. अशात मेकॅनिकल कीबोर्डाचा, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेल्या कीबोर्डाचा, टकटकाट पहिल्यांदा कानावर पडला आणि मला वाटलं, हा घ्यायचा. लोकांना मी सांगितलं की बोटं दुखतात, मनगटाला बरं पडतं. खरं कारण वेगळं होतं. मला वाजायचं होतं.

घ्यायला गेले लॅमिंग्टन रोडला. ग्रँट रोडला उतरून, भर दुपारी. दुकानदाराने तीन ठेवले समोर. लाल स्विचचा, तपकिरी स्विचचा आणि निळ्या स्विचचा. हे रंग म्हणजे नुसती सजावट नाही. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात एमएक्स नावाचे स्विच आणले, त्यांच्या आतल्या दांड्यांच्या रंगावरून जाती ओळखल्या जाऊ लागल्या आणि आता इतर कंपन्याही बहुधा तीच रीत पाळतात. लाल सरळ खाली जातो. तपकिरी वाटेत बोटाला किंचित अडतो. निळा अडतो आणि वर 'टिक्' करून सांगतो, की झालं, अक्षर उमटलं. मी तिन्ही दाबून पाहिले. बाहेर बेस्टची बस, टेम्पोचा हॉर्न, शेजारच्या दुकानात कुणीतरी स्पीकर तपासत होतं. त्या गोंगाटात निळा मला अगदी सोज्वळ वाटला. चार हजार दोनशे रुपये मोजले. दुपारी बाराला लॅमिंग्टन रोडवर ऐकलेला आवाज रात्री बाराला डोंबिवलीत केवढा होईल, हा त्रैराशिकाचा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

रात्री साडेअकराला पहिलं पान टाईप केलं आणि मला साताऱ्याचा क्लास आठवला. नवरा त्याच खोलीत झोपलेला. त्याला झोप लागली की उशाशी ढोलपथक उभं केलं तरी चालतं, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. सासूबाई पलीकडच्या खोलीत, दार बंद, आणि सकाळी तक्रार त्यांची.

तेव्हाच खरं तर थांबून विचार करायला हवा होता. त्याच खोलीतल्या माणसाला त्रास नाही, भिंतीपलीकडच्या कमी ऐकू येणाऱ्या बाईला आहे. हे कोडं सोडवण्याऐवजी मी उपाय विकत घेत सुटले.

पहिला उपाय रबरी रिंगांचा. ३५० रुपयांना पिशवी आली. एकेक कळ उपटायची, तिच्या पोटातल्या दांडीवर रिंग चढवायची, परत बसवायची. अशा १०४ कळा. एक रविवार गेला. रात्री टाईप केलं तर निळ्याची टिकटिक जशीच्या तशी.

मग मी जरा वाचलं, एक सुटा स्विच खोलूनही पाहिला, तेव्हा कळलं की एका कळीतून एक आवाज येतच नाही, तीन येतात. निळ्या स्विचमधला दांडा दोन तुकड्यांचा असतो. आतला रंगीत आणि त्याच्याभोवती सैल बसलेली पांढरी बाही. बोट खाली जाताना ही बाही धातूच्या पात्याला अडून मागे राहते आणि अडथळा ओलांडला की एकदम सुटून खाली आपटते. तो 'टिक्'. ही घटना घडते साधारण दोन मिलिमीटरवर. अक्षर तिथेच उमटतं. पण कळीचा एकूण प्रवास चार मिलिमीटरचा. बोट तसंच पुढे गेलं की कळ तळाला आपटते, तो दुसरा आवाज, 'ठक्'. आणि बोट उचललं की स्प्रिंग दांड्याला वर फेकते, तो छताला आदळतो, तिसरा. रबरी रिंग फक्त दुसऱ्याच्या वाटेत उभी असते. पहिल्याला आणि तिसऱ्याला तिची गाठच पडत नाही. मी पायाला दुखतं म्हणून डोक्याला बाम चोळला होता.

यावर शहाणं होऊन थांबले असते तर पुढचं टळलं असतं. दुसरा उपाय मात्र माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाला. कुरकुरणाऱ्या दाराला आपण काय करतो? तेल घालतो. घरात शिलाई मशिनचं तेल होतंच. इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका स्विचमध्ये थेंब सोडला. काहींत दोन, कारण ते जास्त वाजत होते.

अर्धा तास मला वाटलं, आपल्याला शोधच लागला. टिकटिक मवाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी काही कळा टिक् करत, काही नुसत्याच चिकट खाली जात, काही वर यायला उशीर लावत. दोन दिवसांनी 'डी'ची कळ मनाला येईल तेव्हा चालू लागली. जाणकार लोक स्विचला वंगण लावतात ते दाट असतं, ब्रशने, अगदी पुसट, आणि घासणाऱ्या कडांपुरतं. माझं तेल पातळ. ते ओघळत ओघळत आतल्या धातूच्या पात्यांपर्यंत पोचलं, सोबत धूळ घेऊन गेलं आणि जिथे स्पर्श व्हायचा तिथे जाऊन बसलं.

'डी' बिघडली तर इंग्रजीत एक अक्षर अडतं. मराठीत अनर्थ होतो. मी इनस्क्रिप्ट मांडणी वापरते. तिच्यात 'डी'च्या जागी हलन्त आहे, म्हणजे पाय मोडायची खूण. मराठीतलं जवळजवळ प्रत्येक जोडाक्षर या एका कळीच्या दारातून जातं. 'महाराष्ट्र' लिहायचं तर मी ती दोनदा दाबते, 'स्वच्छ' लिहायचं तरी दोनदा. ती रुसली की 'प्रश्न'चा 'परशन' होतो आणि 'मुक्काम'चा 'मुककाम'. रुसवा पूर्ण असता तर लगेच दिसला असता. पण ती दहातून एकदा दगा द्यायची. पाण्यातून होणाऱ्या आजारांवरचं एक पत्रक मी त्या आठवड्यात रात्री दीड वाजता पुरं केलं, डोळे मिटत असताना एकदा वाचलं आणि पाठवलं. तिसऱ्या दिवशी पत्रक मागवणाऱ्या संस्थेतून फोन आला. बाई सौम्य होत्या. म्हणाल्या, "ताई, मथळ्यात 'सवच्छ पाणी' झालंय. आमच्याकडूनही सुटलं. छापून आलंय."

मी कीबोर्ड बिघडल्याचं सांगितलं. ते खरं होतं. तो मी स्वतः बिघडवला होता, हे सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदा सांगतेय. त्या संस्थेचं काम नंतर आलं नाही.

आता निळे स्विचच काढून टाकायचे ठरवलं. सायलेंट जातीचे लाल स्विच मिळतात. त्यांच्या दांड्याला खाली-वर टेकतो तिथे बारीक रबर असतं, त्यामुळे दुसरा आणि तिसरा आवाज मऊ होतो आणि पहिला मुळात नसतोच. ३१०० रुपयांचे मागवले. आले. जुने उपटायला गेले तर एकही हलेना. काही कीबोर्डांत स्विच प्लगसारखे निघतात आणि बसतात, काहींत ते खालच्या पट्टीला सोल्डर केलेले असतात. माझा दुसऱ्या प्रकारचा. हे खोक्यावर लिहिलेलं होतं. खोकं मी रद्दीत दिलं होतं.

स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, तिथल्या मुलाला दाखवलं. त्याने कीबोर्ड उलटा केला, मनात हिशेब केला आणि म्हणाला, "मॅडम, एका स्विचला दोन पाय. २०८ जागी सोल्डर उपसायचं आणि २०८ जागी परत मारायचं. नवा का नाही घेत?" हा सल्ला योग्य होता. पण एव्हाना इरेला पेटले होते. १७०० रुपये ठरले, चार दिवस लागले. त्या मुलाने मात्र न सांगता एक चांगलं काम केलं. स्पेसबार, एन्टर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्ट या लांब कळांच्या पोटात, त्या तिरक्या होऊ नयेत म्हणून, दोन बाजूंना जोडणारी एक तार असते. ती सैल असली की खुळखुळते. त्याने तिच्या टोकांना दाट सिलिकॉन ग्रीस लावलं, त्याचे दीडशे वेगळे घेतले. साडेनऊ हजारांतले हे दीडशे तेवढे सार्थकी लागले. मराठी टाईप करणाऱ्याला शिफ्टचा खुळखुळाट इतरांपेक्षा जास्त भोगावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, थ, ध, भ असे सगळे महाप्राण शिफ्टवर, ण आणि ळ शिफ्टवर, श-ष शिफ्टवर. 'झणझणीत' लिहिलं की शिफ्ट चारदा वाजते.

कीबोर्ड घरी आला. रात्री टाईप केलं. मला स्वतःला ऐकू येईना, इतका शांत. खिडकीतून लोकलचा आवाज आला, पंख्याची घरघर आली, पण टिकटिक नाही. मी विजयी मुद्रेने झोपले. सकाळी चहा.

"काल पण वाजत होतं उशीत," सासूबाई म्हणाल्या.

आणि मी बोलले. "आई, तुम्हाला समोरचा टीव्ही ऐकू येत नाही. बेल ऐकू येत नाही. माझा कीबोर्ड तेवढा बरोबर ऐकू येतो?"

कप खाली ठेवून त्या उठल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस टीव्ही लागला नाही.

ही माझी खरी चूक. बाकीच्या पैशात मोजता येतात. माझा समज पक्का होता की तक्रार आवाजाची नाही, माझ्या रात्री जागण्याची आहे, माझ्या कामाची आहे. 'उशीत वाजतं' हे म्हातारपणीचं बोलणं आहे. स्विचचा दांडा किती मिलिमीटर खाली जातो हे मी भिंग घेऊन पाहिलं होतं. सासूबाईंची उशी एकदाही पाहिली नव्हती.

ती पाहिली लेकीने. ती आजीच्या खोलीतच, समोरच्या भिंतीकडे झोपते. तेव्हा बारावीला होती, विज्ञान शाखेला. दुसऱ्या रात्री मला म्हणाली, "तू आजीच्या पलंगावर आडवी हो. मी टाईप करते." सासूबाई तेव्हा बाहेर टीव्हीसमोर होत्या, टीव्ही बंद. मी आडवी झाले, डोकं उशीवर टेकलं. काहीच नाही. पंखा बंद केला. तरी नाही. मी ओरडून सांगितलं, "काही ऐकू येत नाही!" तशी ती आली, म्हणाली, "आता तू टाईप कर, मी झोपते."

मी पाच ओळी टाईप करून भिंतीपलीकडे गेले तर ती डोळे विस्फारून पडली होती. "आई, तू टाईप नाही करत. तू मिरच्या कुटतेस!"

मग तिने मला हात धरून सगळं दाखवलं. माझं टेबल म्हणजे भिंतीत दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकून बसवलेली फळी. जागा वाचावी म्हणून मीच सुताराकडून करून घेतलेली. ती भिंत जेमतेम चार इंची. पलीकडे नेमक्या त्याच जागी सासूबाईंच्या पलंगाचं लाकडी डोकं, भिंतीला घट्ट टेकवलेलं. त्याला लागून उशी. माझं बोट कळ तळाला आपटत होतं, कळ फळीला, फळी ब्रॅकेटला, ब्रॅकेट भिंतीला, भिंत पलंगाला. शाळेत नादकाट्याचा प्रयोग असतो. हातात धरलेला नादकाटा जेमतेम ऐकू येतो, तोच टेबलावर उभा टेकवला की सगळ्या वर्गाला ऐकू जातो, कारण आता काट्याऐवजी अख्खं टेबल हवा हलवत असतं. माझ्या घरात फळी आणि भिंत हे ते टेबल होतं. उंच, टोकदार टिकटिक हवेतून जाते, दाराआड मरते. हा खालचा जड धपका मात्र घन वस्तूतून जात होता. त्याला कान लागत नव्हते. उशीवर टेकलेलं डोकं पुरे होतं. लेकीने पलंगाच्या डोक्यावर माझा तळहात ठेवला आणि आजीला बोलावून म्हणाली, "आजी, आत जाऊन स्पेसबारवर बुक्की मार." सासूबाईंनी मारली. ती मला हातात जाणवली.

सासूबाई पहिल्या दिवसापासून ऐकू येतं असं म्हणतच नव्हत्या. उशीत वाजतं म्हणत होत्या. सप्तमी, अधिकरण. शाळेत मार्क मिळवून देणारा प्रत्यय.

राहिलं माझं बोट. त्याच फळीवर, त्याच कीबोर्डवर लेक टाईप करत होती तेव्हा उशीत काही आलं नव्हतं. फरक स्विचचा नव्हता, हाताचा होता. क्लासच्या सरांचं वाक्य होतं, "बोट मारा, गोंजारू नका." टाइपरायटरवर ते बरोबर होतं. तिथे बोटाच्या जोरावर लोखंडी दांडा उडून रिबनमधून कागदावर आदळायचा. कार्बन लावून तीन प्रती काढायच्या तर आणखी जोर. जोर कमी पडला की अक्षर फिकं. कॉम्प्युटरवर अक्षर कधीच फिकं येत नाही. दोन मिलिमीटरवर ते उमटून झालेलं असतं, त्यापुढचे दोन मिलिमीटर आपण नुसते आपटतो. तीस वर्षं मी प्रत्येक अक्षर तिसऱ्या कार्बनपर्यंत पोचवत होते. लेकीने कार्बन पेपर पाहिलेला नाही. तिचं बोट सांगितलं तेवढंच काम करतं.

त्याच रात्री आम्ही दोघींनी पलंग भिंतीपासून चार बोटं सरकवला. खर्च शून्य. फाटकी योगा मॅट होती, तिचा एक तुकडा कापून कीबोर्डखाली घातला. बोटाला वळण लावणं मात्र अजून चालू आहे. निवांत असले की ते हलकं पडतं. काम द्यायची वेळ जवळ आली की पुन्हा साताऱ्याला जातं आणि पूर्णविरामाशी तर हमखास आपटतं.

एक कबुली राहिली. कीबोर्ड गप्प झाल्यावर "बसलीच आहेस तर" पुन्हा सुरू झालं. मला वाजायचं होतं ते का, याचं उत्तर स्विचमध्ये नव्हतं, पण ते सांगायला मी स्विचच शोधला होता. आता मी दारावर कागद लावते, 'काम चालू आहे'. नवऱ्याने पहिल्या दिवशी त्यावर पेनने 'रस्ता बंद' असं लिहिलं. पण कुकरकडे बघतो.

सासूबाईंची मी माफी मागितली. पलंग सरकवून झाल्यावर मागितली, लेकीसमोर मागितली. त्या "असू दे" म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. सकाळी चहाला बसल्यावर मीच विचारलं, "काय आई, वाजली का उशी?"

"वाजली नाही," त्या म्हणाल्या. "पडली. दोनदा. त्या फटीत."

संध्याकाळी पाहिलं तर भिंत आणि पलंगाच्या मधल्या फटीत त्यांनी जुन्या लुगड्याची जाड सुरळी करून कोंबली होती. मी घाबरून हात लावून पाहिला. सुरळी मऊ होती. लेकीला म्हटलं, आत जाऊन स्पेसबारवर बुक्की मार.